२५५ घालू का? आधी रिमला विचारा

वाचकाचं पत्र, नाव-गाव गाळून, थोडक्यात असं:

"दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड कूपे घेतली, रिअर व्हील ड्राइव्ह. कंपनीचेच १७ इंची रिम आहेत, साडेसात इंच रुंद, ऑफसेट ४५, आणि चारही चाकांना २२५/४५ आर१७ टायर. नंतर इंजिन ट्यून करून घेतलं, ताकद बरीच वाढलीय. गाडी रोज कामावर नेतो, सुट्टीला वळणावळणाच्या रस्त्यावर, आणि वर्षातून एकदा-दोनदा ट्रॅक डे. अडचण अशी की रस्ता जरा ओला असला की दुसऱ्या गिअरलासुद्धा मागची चाकं सुटतात, पकड सोडून गरगरतात, ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा नुसता लुकलुकत असतो. मित्राने त्याच्या गाडीला २६५ घातलेत, तो म्हणतो रुंद टायर म्हणजे ग्रिप, विषय संपला. टायरवाला म्हणतो आहे त्याच रिमवर २५५ आरामात बसतील. बायको म्हणते गाडीला काही झालेलं नाही, उगाच खर्च. आताचे टायर गाडीबरोबरच आले होते पण नक्षी अजून भरपूर शिल्लक आहे. तर २४५ घालू, २५५ घालू की सरळ २६५? फक्त मागे की चारही? आणि खरं सांगायचं तर मागून बघितलं की चाकं जरा बारीकच वाटतात."

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्याच दोन वाक्यांवर अडकलो. एक ते शेवटचं, चाकं बारीक वाटतात हे. आणि दुसरं, नक्षी अजून भरपूर शिल्लक आहे हे. प्रश्न तुम्ही रुंदीचा विचारलाय (२२५/४५ आर१७ मधले २२५ म्हणजे टायरची रुंदी मिलीमीटरमध्ये, ४५ म्हणजे साइडवॉलची, बाजूच्या भिंतीची, उंची त्या रुंदीच्या किती टक्के, आणि १७ म्हणजे रिमचा व्यास इंचांत) पण मला वाटतं तुमचं दुखणं या दोन वाक्यांत आहे, रुंदी बिचारी मध्येच सापडलीय.

आधी नक्षीचं घेऊ. टायर गाडीबरोबर आले म्हणजे ते किमान दोन वर्षांचे आहेत, जास्तीत जास्त कितीचे ते तुम्हाला माहीत नाही. आज संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च घेऊन मागच्या चाकाशी उकिडवे बसा. साइडवॉलवर डीओटी अशी अक्षरं सापडतील आणि त्या ओळीच्या शेवटी लांबट चौकटीत चार आकडे. समजा ३२१८ असेल तर तो टायर २०१८ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलाय. हे आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात, आणि मर्फीच्या नियमाने ती बाजू आतली निघते, तेव्हा जुने कपडे घालून गाडीखाली डोकं घालायची तयारी ठेवा. तिथेच असताना ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागाच्या, खाचांच्या तळाशी बारीक चिरा पडल्यात का बघा. रबर वयानुसार कडक होतं, गाडी चालवा नाहीतर झाकून ठेवा, आणि कडक झालेलं रबर कोरड्यात कसंबसं निभावून नेतं पण ओल्यात उघडं पडतं. नक्षी आठ मिमी असो नाहीतर चार, खाली जे रबर आहे ते जर प्लॅस्टिकसारखं झालं असेल तर नक्षीचं कौतुक करून उपयोग नाही. उलट इतकं चालवून नक्षी भरपूर उरलीय हीच मला शंकेची जागा वाटते, कारण मऊ चिकट टायर इतके टिकत नाहीत.

तिथेच आणखी एक आकडा मिळेल, ट्रेडवेअर असं लिहून पुढे २०० किंवा ३०० किंवा ५०० वगैरे. हा सगळ्याच टायरवर नसतो, आणि तो कंपन्या आपापल्या चाचणीवरून देतात म्हणून एका कंपनीच्या ३०० ची दुसरीच्या ३०० शी तंतोतंत तुलना करू नका. पण ढोबळमानाने २०० म्हणजे ट्रॅककडे झुकलेलं चिकट रबर, ३०० च्या आसपास चांगला रस्त्यावरचा परफॉर्मन्स टायर, आणि ५०० म्हणजे तो टायर जास्त किलोमीटर पळावा म्हणून बनवलाय, तुम्ही दुसऱ्या गिअरला पाय दाबावा म्हणून नाही.

तुमच्या मित्राचं गृहीतक, रुंद म्हणजे ग्रिप, इथेच पहिल्यांदा डळमळतं. टोयोटाची जीटी८६ आठवा, २०१२ ची. कंपनीने तिला २१५/४५ आर१७ दिले आणि तेही मिशेलिन प्रायमसी एचपी, म्हणजे शांत कौटुंबिक गाड्यांना शोभणारे. ते मुद्दाम होतं, गाडीचा मागचा भाग कमी वेगातच गमतीने सरकावा म्हणून. ज्यांनी नंतर तीच साइज ठेवून फक्त चिकट रबराचे टायर घातले त्यांना गाडीची पकड लगेच बदललेली जाणवली, रुंदी एक मिलीमीटर न वाढवता. रस्त्यावरच्या गाडीत ग्रिपचा मोठा वाटा रबराच्या कंपाऊंडचा, म्हणजे मिश्रणाचा, असतो, मग टायरच्या आतल्या बांधणीचा, मग प्रेशर आणि अलाइनमेंटचा, आणि त्यानंतर कुठे रुंदी. हा क्रम मी माझ्या मनाने लावलाय, कुणी वाद घालेलही, पण पहिल्या आणि शेवटच्या जागेबद्दल मी तरी भांडायला तयार आहे.

मग रुंदीने काहीच होत नाही का? होतं, पण लोकांना वाटतं ते नाही. समजा तुमच्या एका मागच्या चाकावर ३५० किलो भार आहे आणि हवा २.३ बार, म्हणजे साधारण ३३ पीएसआय. तो भार मुख्यतः आतली हवाच पेलते, त्यामुळे रस्त्याला टेकलेला भाग हा भार भागिले प्रेशर, म्हणजे जवळजवळ १५० चौरस सेंटीमीटर, साधारण एका तळहाताएवढा. आता २२५ च्या टायरचा प्रत्यक्ष टेकणारा पट्टा धरा १९ सेंमी रुंद, तर त्याची लांबी होते साधारण ८ सेंमी. २५५ घातला, पट्टा धरा २२ सेंमी, तर लांबी उरते ७ सेंमीच्या आत. तळहात तेवढाच, फक्त आडवा झाला! खऱ्या टायरमध्ये साइडवॉलचा ताठपणा वगैरे येतो म्हणून हिशोब इतका काटेकोर राहत नाही, पण रुंदी जितकी वाढली तितकं क्षेत्रफळ वाढलं असं जे चित्र डोक्यात असतं ते चूक आहे.

आडव्या पट्ट्याचा फायदा वळणावर मिळतो. टेकलेला भाग आखूड असला की वळताना त्यातलं रबर कमी पिळवटतं, कमी स्लिप अँगलवर (चाक जिकडे रोखलंय आणि ते प्रत्यक्षात जिकडे जातंय त्यातला कोन) तेवढाच जोर मिळतो, स्टिअरिंग फिरवलं की गाडी लगेच ऐकते. भार जास्त रबरावर आडवा पसरला की टायरचा बाहेरचा खांदा, म्हणजे ट्रेडची कड, एकटा भाजून निघत नाही, ट्रॅकवर सलग दहा-पंधरा मिनिटं गाडी दामटली तर रुंद टायर उशिरा थकतो. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच रेसिंगच्या गाड्यांना रुंद टायर असतात. पण हे सगळं कोरड्यात, गरम टायरवर, आणि मुख्यतः आडव्या दिशेने. तुमची तक्रार काय होती? ओल्या रस्त्यावर सरळ जाताना दुसऱ्या गिअरला चाकं सुटतात. आजार म्हशीला आणि औषध पखालीला असं होतंय हे.

पाण्याचा हिशोब तर उलटाच आहे. ८० किमीच्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. रस्त्यावर ३ मिमी पाणी साचलंय असं धरा. १९ सेंमीच्या पट्ट्याला दर सेकंदाला साडेबारा लिटरच्या आसपास पाणी बाजूला सारावं लागतं आणि २२ सेंमीच्या पट्ट्याला साडेचौदा लिटर, एका चाकाला! एक बादली पाणी, सेकंदात, आणि ते सारायला टायरच्या एखाद्या ठिपक्याला मिळणारा वेळ बघा, सात-आठ सेंटीमीटर लांबीचा पट्टा २२ मीटर वेगाने म्हणजे सरळ तीन-साडेतीन मिलिसेकंद, सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले तीन-साडेतीन. रुंद टायरला पाणी जास्त, पळवाट लांब आणि वेळ कमी. म्हणून साचलेल्या पाण्यावर रुंद टायर कमी वेगाला तरंगायला लागतो, आणि नक्षी झिजलेली असली तर आणखी लवकर. ट्रेडमधल्या खाचांत आडवे छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिमीला ट्रेडशी समपातळीत येतात, पण रुंद टायर घालून पावसात चालवणाऱ्याने तिथपर्यंत थांबू नये, ३ मिमीला आलात की नवीन बघायला लागा.

मी हे पुस्तकातून सांगत नाहीये. माझी पहिली जरा बरी पळणारी गाडी होती तेव्हा मीही नेमकं हेच केलं, साडेसातच्या रिमवर २५५, दुकानातला माणूस म्हणाला बसतात आणि खरंच बसले. बसणं आणि चालणं यातला फरक मला तीन आठवड्यांनी कळला. चौघेजण गाडीत बसलो, एक मोठा उंचवटा आला आणि मागून खर्रर्र असा आवाज आणि जळक्या रबराचा वास. घरी येऊन चाक काढलं तर चाकाच्या वरच्या प्लॅस्टिकच्या लायनरवर रंधा मारल्यासारखा एक गुळगुळीत चकचकीत पट्टा आणि त्याच्या कडेला काळ्या प्लॅस्टिकच्या कुरळ्या ढलप्या लोंबत होत्या, सुताराच्या दुकानात खाली पडलेल्या असतात ना तशा. शिवाय जड गाड्यांनी रस्त्याला जी चाकोरी पाडलेली असते त्यात पुढची चाकं शिरली की स्टिअरिंग हातातून ओढून घ्यायची. आणि एवढं करून गाडी वळायला सुस्त झाली होती, जे मी सहा महिने स्वतःशीही कबूल केलं नाही कारण दिसायला झकास दिसत होती.

सुस्त का झाली, तर रिममुळे, आणि इथे तुमच्या टायरवाल्याच्या 'आरामात बसतील' कडे येऊ. प्रत्येक साइजला रिमच्या रुंदीची एक मान्य मर्यादा असते, कंपनीच्या तक्त्यात मिळते. २२५/४५ आर१७ ला साधारण ७ ते साडेआठ इंच. २३५/४५ ला साडेसात ते ९. २४५/४० ला ८ ते साडेनऊ. २५५/४० ला साडेआठ ते १०. तुमचा रिम साडेसात. म्हणजे २४५/४० च त्यावर मर्यादेबाहेर जातो, २५५ तर पूर्ण एक इंचाने बाहेर आणि २६५ चं नाव काढू नका. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात ते इथे अक्षरशः लागू आहे, रिम म्हणजे अंथरूण. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात, साइडवॉल फुग्यासारखी बाहेर येते, ट्रेड मधोमध किंचित फुगतो. वळताना आधी ती फुगलेली भिंत कलते, मग ट्रेडला निरोप पोचतो, मग गाडी वळते. शिवाय साइडवॉलवर छापलेली रुंदी ही ठरावीक मापाच्या रिमवर मोजलेली असते, रिम अर्ध्या इंचाने अरुंद झाला की टायर साधारण ५ मिमीने आकसतो. २५५/४० मोजतात ९ इंची रिमवर, तो साडेसातवर चढवला की १५ मिमी गेले, म्हणजे पैसे २५५ चे मोजायचे आणि रुंदी २४० ची वापरायची, तीही लुळी. नाकापेक्षा मोती जड, आणि मोतीही पुरता दिसत नाही!

उलट चांगल्या रिमवर ताठ बसलेला २२५ बऱ्याचदा आवळलेल्या २५५ पेक्षा जास्त बरं काम करतो. आणि हो, कंपनीकंपनीत छापील माप सारखं असूनही ट्रेडची खरी रुंदी वेगळी निघते, एकाचा २४५ दुसऱ्याच्या २३५ एवढा दिसू शकतो, त्यामुळे मित्राच्या गाडीला अमुक बसले म्हणून माझ्याही गाडीला बसतील यावर पैज लावू नका.

मोठे लोक कसं करतात बघा. होंडाने सिव्हिक टाइप आर एफके८ ला २४५/३० आर२० दिले होते साडेआठ इंची रिमवर. पुढच्या पिढीच्या एफएल५ ला २६५/३० आर१९ दिले, पण त्याबरोबर रिम साडेनऊ इंची केला आणि व्यास एक इंचाने कमी केला. टायर २० मिमीने वाढवला तर रिम २५ मिमीने! आणि ताकद वाढली म्हणून पुढची चाकं आपोआप रणगाड्यासारखी हवीत असंही नाही, १९९२ ची मॅकलारेन एफ१ सहाशेवर अश्वशक्तीची, मागे ३१५ होते पण पुढे फक्त २३५/४५ आर१७.

यावरून तुमचा दुसरा प्रश्न, फक्त मागे घालू का. मोह समजतो, ताकद मागे जाते, चाकं मागची सुटतात, मग मागेच रुंद घालावेत. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ ला पुढे २२५ आणि मागे २५५ होतेच. पण तिथे स्प्रिंग, अँटी-रोल बार, अलाइनमेंट सगळं त्या जोडीवर बेतलेलं होतं. तुमची गाडी कंपनीने चारही चाकं सारखी धरून जुळवलीय. मागे ग्रिप वाढवली आणि पुढे तीच ठेवली की गाडी वळणात सरळ जायला बघते, अंडरस्टिअर, आणि जी कूपे तुम्ही वळणांच्या हौसेने घेतली तिचं नाक जड होतं. शिवाय पुढचे टायर मागे, मागचे पुढे असं फिरवता येत नाही, मागचे दोन लवकर संपतात. तुमच्यासाठी चारही सारखे. फ्रंट व्हील ड्राइव्हवाल्यांनी तर फक्त मागे रुंद टायर हा विचारच करू नये, ते फक्त दिसायला. आणि ऑल व्हील ड्राइव्हवाल्यांनी पुढच्या-मागच्या टायरचा घेर सारखाच ठेवायचा, झीजसुद्धा सारखी, नाहीतर मधलं कपलिंग सतत घसरत राहतं आणि तापतं, ते टायरपेक्षा फार महागात पडतं.

घेर ठरतो व्यासावरून, आणि व्यासाचा हिशोब सोपा आहे, प्रत्येकाने एकदा कागदावर करावा. रिमचे इंच गुणिले २५.४, अधिक साइडवॉलची उंची (२२५ चे ४५ टक्के वगैरे) दोनदा. २२५/४५ आर१७ चे ४३१.८ अधिक दोनदा १०१.२५, म्हणजे ६३४ मिमी. २४५/४० आर१७ चे ६२८, एक टक्का कमी, काही हरकत नाही, स्पीडोमीटर नखभर जास्त दाखवेल. २५५/४० चे ६३६, जवळजवळ तेवढाच. पण कुणी २४५/४५ घेतला तर ६५२, पावणेतीन टक्के जास्त, तिथे गिअरिंग लांबतं, एबीएसचं गणित हलतं आणि लायनरला घासायची शक्यता वाढते. एक-दीड टक्क्याच्या आत राहा. त्याबरोबर लोड इंडेक्स बघा, ९१ म्हणजे टायरमागे ६१५ किलो, तुमच्या मूळ टायरवर जो आहे त्याच्या खाली जायचं नाही, आणि स्पीडचं अक्षर, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०, त्याच्याही खाली नाही.

बरं मग करायचं काय. मी तुमच्या जागी असतो तर या वेळी आहे त्याच रिमवर २२५/४५ च घेतले असते, पण खरोखर चांगल्या समर परफॉर्मन्स कंपाऊंडचे, ताजे, चारही एकाच जातीचे. निवडताना ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकिंगच्या तुलना वाचा, कारण तुमचं दुखणं ओल्यातलं आहे, ट्रॅकवाले जे २०० ट्रेडवेअरचे टायर मिरवतात त्यातले काही साचलेल्या पाण्यात फार हळवे असतात. फक्त एक, जिथे हिवाळ्यात पारा ७ अंशांच्या खाली बराच काळ राहतो तिथे समर टायर दगड होतो, तसं असेल तर थंडीचे वेगळे टायर लागतील, तो वेगळा विषय. टायर बसवताना चारचाकी अलाइनमेंट करून घ्या आणि त्याचा कागद मागून घ्या, मागचा टो, म्हणजे वरून बघितलं तर चाकं किती आत-बाहेर वळलीत तो कोन, बिघडलेला असेल तर ओल्यात मागची चाकं अशीच अंग काढून घेतात आणि खापर टायरवर फुटतं. हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, थंड टायरला. नव्या टायरवर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून, वरचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत. आणि ट्यूनिंगवाल्याला विचारा की कमी गिअरला टॉर्क थोडा हळूहळू चढवता येईल का, दुसऱ्या गिअरचा अर्धा प्रश्न तिथेच सुटू शकतो.

मग ट्रॅक डेला एक गंमत करा, खडूने प्रत्येक टायरच्या खांद्यावरून साइडवॉलपर्यंत तीन-चार ठिकाणी जाड रेघ मारा. पाच-सहा फेऱ्या मारून आलात की बघा, खडू खांद्यापलीकडे साइडवॉलवरही पुसला गेला असेल तर टायर कुशीवर वळतोय, हवा कमी आहे किंवा कॅम्बर, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा आतला कल, कमी आहे. ट्रेडच्या कडेपर्यंतही पोचला नसेल तर हवा जास्त आहे किंवा, स्पष्टच बोलतो, तुम्ही अजून २२५ चंच पूर्ण काम करून घेत नाही आहात आणि २५५ चा विचार लवकर होतोय. रुंद टायर कॅम्बरच्या बाबतीत जास्त नखरेल असतो, तो सपाट टेकला तरच रुंदीचा उपयोग, नाहीतर वळणात बाहेरच्या पाच सेंटीमीटरवर गाडी तोलायची आणि बाकीची रुंदी हवेत.

हे करून, एक पावसाळी महिना आणि एक ट्रॅक डे काढून, कोरड्यात सलग फेऱ्यांत मागचे टायर खरंच हात टेकतायत असं दिसलं तर पुढची पायरी साडेआठ इंची रिम आणि चारही बाजूंना २४५/४० आर१७. रस्त्यावरच्या तुमच्यासारख्या वापराला मी तिथेच थांबलो असतो. ९ इंची रिमवर २५५/४० हे गाडी मुख्यतः कोरड्यात आणि ट्रॅकवर जाणाऱ्याचं काम, त्याला लायनर, सस्पेन्शन, कॅम्बर सगळ्याशी खेळायची हौस आणि वेळ हवा. २६५ मित्राला लखलाभ.

ज्यांच्या गाड्या हलक्या आहेत त्यांनी तर आणखी हात आखडता घ्यावा. माझदाची आताची एमएक्स-५ १९५ किंवा २०५ वर सुखात चालते, पहिल्या लोटस एलिसला पुढे १८५ होते आणि त्या गाडीच्या स्टिअरिंगची आजही लोक आठवण काढतात. हलक्या गाडीला फार रुंद टायर घातला की रस्त्यावर तो गरमच होत नाही, आणि गार टायर म्हणजे नुसतं वजन. वाढलेलं वजन चाकाच्या कडेला फिरतं, तिथला एक किलो डिकीतल्या एका किलोपेक्षा जास्त जाणवतो.

आता राहिलं ते शेवटचं वाक्य. चाकं बारीक वाटतात. यात लाजण्यासारखं काहीच नाही, गाडी रोज बघायची असते, आणि दिसण्यासाठी केलेला खर्च दिसण्यासाठी केला असं म्हणून टाकलं की निम्मी फसगत टळते, बायकोलाही हेच कारण सांगा, ग्रिपचं सांगू नका, त्यांना ते केव्हाच कळलेलं असणार. पण माझा अंदाज असा की तुम्हाला जे बारीक वाटतंय ते टायर अरुंद आहे म्हणून नाही, चाक फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, आत दबलंय म्हणून. साडेसातचा रिम, ऑफसेट ४५ (रिमची हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर आहे तो आकडा, तो जितका मोठा तितकं चाक आत), कंपन्या अशी चाकं आत ठेवतात, घासायला नको म्हणून. तो बदलून साडेआठ इंची, ऑफसेट ४० चा रिम घेतला तर बाहेरची कड साधारण १८ मिमी बाहेर येते आणि आतली ८ मिमी आत जाते. तेवढ्याने मागून गाडीची उभं राहण्याची ढब बदलते, २२५ च्या टायरवरसुद्धा, कारण साडेआठ हा त्याच्या मर्यादेतला शेवटचा आकडा आहे आणि त्यावर तो छान ताठ बसतो. म्हणजे रिम आधी आणि २४५ नंतर असंही करता येईल, टायर झिजेपर्यंत. स्पेसर, म्हणजे चाक आणि हब यांच्यामध्ये बसणारी चकती, लावून हेच होतं म्हणणारे भेटतील, होतंही, पण बोल्टची लांबी आणि हबवर नीट बसणं यात चूक झाली तर चाकच सुटतं, म्हणून मी रिमच्या बाजूचा. मात्र टायर फेंडरच्या बाहेर आलेला अनेक ठिकाणी कायद्याला चालत नाही आणि इन्शुरन्सलाही सांगावं लागतं, तुमच्याकडचा नियम आधी बघा.

रिम घ्यायच्या आधी मोजमाप. एका दोऱ्याला नट बांधा, झाला ओळंबा, तो मागच्या फेंडरच्या कडेवरून चाकाच्या मध्यासमोर सोडा आणि दोऱ्यापासून रिमच्या कडेपर्यंत किती मिलीमीटर आहेत ते पट्टीने मोजा, गाडी सपाट जागी आणि ड्रायव्हरच्या सीटवर कुणीतरी बसलेलं. मग मुलांच्या खेळण्यातल्या प्लॅस्टिसिनचे छोटे गोळे लायनरच्या आतल्या कडेला आणि फेंडरच्या ओठाला चिकटवा, मागे दोघांना बसवा, एका उंचवट्यावरून हळू जा, पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा. गोळा दबला तर किती मिमी उरला ते कळतं. आतल्या बाजूला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) असेल तर तो चाकाबरोबरच वरखाली होतो, तिथे पाच-सहा मिमी उरले तरी पुरतं, पण बाहेर फेंडरशी तेवढ्यावर भागत नाही.

ही तीन मापं आणि डीओटीचे चार आकडे, एवढं मला लिहून पाठवा. रिमचा नेमका आकडा तिथूनच ठरेल. आणि चार आकड्यांतले शेवटचे दोन वाचून तुम्हाला धक्का बसला तर रिमचं राहू द्या, पुढच्या पावसाच्या आत टायर तेवढे बदलून घ्या.